गिधाडे मोबाईल टॉवरमुळे संपली का?

मोबाईल टॉवरच्या लहरींमुळे गिधाडे नाहीशी झाली, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. टॉवर वाढले आणि गिधाडे दिसेनाशी झाली हे दोन्ही खरे असल्याने तो सहज पटतो. पण काळ जुळत नाही. भारतात मोबाईल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली आणि खेडोपाडी टॉवर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभे राहिले, तर राजस्थानातील भरतपूरमधील गिधाडांची घसरण नव्वदच्या दशकातच नोंदली गेली होती. शिवाय टॉवरांनी भरलेल्या स्पेनमध्ये ग्रिफन गिधाडे मोठ्या संख्येने नांदत आहेत.

खरे कारण मेलेल्या पक्ष्यांच्या शवविच्छेदनात सापडले. मूत्रपिंड आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. तो युरिक ॲसिडचा, म्हणजे मूत्रपिंडे एरवी शरीराबाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याचा. दुखण्यावर गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करत होते, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. शंभरातले एखादे जनावर दूषित असले तरी पुरते, कारण एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केले. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. औषध गिधाडांसाठी सुरक्षित आहे का हे पडताळायचे असेल, तर गुराला टोचण्यापूर्वी बाटलीवरील औषधाचे मूळ नाव वाचावे, कारण माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक दुकानात आजही मिळते. रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यासारख्या ठिकाणी जाणकार वाटाड्यासोबत गिधाडे पाहायला गेलात, तर मेलेले जनावर गिधाडांसाठी टाकण्यापूर्वी त्याला कोणते औषध दिले होते याची चौकशी कशी होते, हेही जरूर विचारावे.