सरफेस कोड आणि कॅट क्युबिट, दोन्ही एकच न्हवं

बेळगावात इंजिनिअरिंगला असलेली पोरं हल्ली क्वांटम कॉम्प्युटरबद्दल लई विचारायलेत, आणि एक घोळ सारखा दिसतोय. गूगलची विलो चिप डिसेंबर २०२४ मध्ये आली, अमेझॉनची ऑसलॉट फेब्रुवारी २०२५ मध्ये, दोन्ही सुपरकंडक्टिंग (अतिथंड, विजेला अडथळा न करणाऱ्या सर्किटच्या), दोन्हींच्या बातमीत एरर करेक्शन, म्हणजे चुका हुडकून दुरुस्त करणं, मग दोघांनी एकच काम केलं की ओ, असं विचारतात. काम एकच, पण करायची जागा वेगळी.

क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, तो ० आणि १ यांच्या मिश्रणात पण राहू शकतो. त्याच्यात चूक दोन तऱ्हेनं होते. बिट फ्लिप म्हणजे ० चा १ होणं, आणि फेज फ्लिप म्हणजे ० आणि १ यांच्या मिश्रणातलं अधिक-उणे चिन्ह उलटणं. साध्या कॉम्प्युटरला ही दुसरी भानगडच नसते.

विलोतल्या ट्रान्समॉन क्युबिटांना (ही सुपरकंडक्टिंग क्युबिटांची एक जात) दोन्ही चुका लागतात. गूगलनं त्यांच्यावर सरफेस कोड टाकलाय, म्हणजे क्युबिटांची चौकोनी जाळी, बाजू ७ ची घेतली तर ४९ क्युबिटांत माहिती आणि ४८ नुसते तपासणारे, आणि माहिती थेट मोजली तर मोडते म्हणून शेजारी-शेजारी जुळतायत का एवढंच बघायचं, ते पण साधारण दर १.१ मायक्रोसेकंदाला. बाजू ३ ची ५ केली, ५ ची ७ केली, तसा चूक होण्याचा दर दरवेळी निम्म्याहून खाली आला. मला हे फार मोठं वाटतं, कारण १९९५ ला पीटर शोर या गणितज्ञानं चुका दुरुस्त करणारा ९ क्युबिटांचा कोड दिला तेव्हापासून अडचण हीच, क्युबिट वाढवले की त्यांच्या चुका पण वाढतात.

ऑसलॉटमध्ये माहिती मायक्रोवेव्ह रेझोनेटरच्या, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी धरून ठेवणाऱ्या सर्किटच्या आत, एकमेकांच्या उलट डोलणाऱ्या दोन लहरींत ठेवतात, त्याला कॅट क्युबिट म्हणतात. फोटॉन, म्हणजे त्या लहरींतले ऊर्जेचे कण, वाढवले की या दोन लहरी एकमेकींपासून लांब जातात आणि बिट फ्लिप घातांकी वेगानं कमी होतो, फेज फ्लिप मात्र फोटॉनांच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कोड फक्त फेज फ्लिपसाठी, तो पण एका ओळीतला. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळेल: एक जण प्रत्येक कास्टिंग सगळ्या दोषांसाठी तपासतोय, दुसऱ्यानं मोल्डच असा केलाय की एका जातीचा दोष क्वचित येतो, मग तपासणी दुसऱ्या जातीच्या दोषाचीच.

त्यामुळं बाजू ५ च्या सरफेस कोडला तपासणारे धरून एकूण ४९ क्युबिट लागतात तिथं ऑसलॉटची ओळ ५ कॅट आणि ४ ट्रान्समॉन, एवढ्यात बसते. पण नुसते क्युबिट मोजून कोण पुढं ते ठरवू नका, प्रत्येक कॅटला स्थिर ठेवायला वेगळं बफर सर्किट लागतं, आणि तपासणारे ट्रान्समॉन स्वतः चुकले की ती चूक कॅटमध्ये बिट फ्लिप होऊन शिरते. ओळ ३ ची ५ केल्यावर ऑसलॉटचा एरर तपासणीच्या एका फेरीला १.७५ टक्क्यांवरून १.६५ वर आला, बस्स, कारण ओळ लांब झाली तशा बिट फ्लिपच्या जागा पण वाढल्या. विलोची ७ ची जाळी ०.१४३ टक्क्यांवर आहे. आज तरी माझ्या मते पारडं विलोचंच जड, आणि कॅटवाल्यांना आधी तपासणाऱ्या ट्रान्समॉनचा बंदोबस्त करायला लागणार.