खासगी विमानाची बॅटरी : देखभाल, नोंदी आणि वार्षिक पुनरावलोकनाची कागदपत्रे

सातारा-सांगली भागातील ज्या मालकांचे स्वतःचे छोटे विमान कऱ्हाड विमानतळावर किंवा शेजारी कोल्हापूरला उभे असते, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. वार्षिक तपासणी जवळ आली की मालक इंजिनाच्या तासांची आणि प्रोपेलरची चौकशी करतात. बॅटरीचा विचार शेवटी होतो. प्रत्यक्षात फाईल परत येते ती पुष्कळदा बॅटरीच्या कागदांवरून, कारण बॅटरी बदललेली असते, चालतही असते, परंतु ती कोणती, कधी बसवली आणि तिची क्षमता शेवटची कधी मोजली, हे कागदावर सापडत नाही.

आधी चौकट समजून घ्यावी. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. उड्डाणयोग्यतेचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पाहते. त्याच्या नियमावलीला नागरी विमान वाहतूक आवश्यकता, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कार’, म्हणतात. सतत उड्डाणयोग्यतेचे नियम कार-एम या आवश्यकतेत, देखभाल संस्थांचे नियम कार-१४५ मध्ये आणि अभियंत्यांच्या परवान्याचे नियम कार-६६ मध्ये आहेत. कार-एमनुसार विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची मूळ जबाबदारी मालकाची असते. विमान महिनोन्महिने हँगरमध्ये उभे असले म्हणून ती कमी होत नाही. उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण एआरसी म्हणतात, एक वर्षासाठी असते आणि ते वैध असेल तरच मूळ उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राचा उपयोग होतो.

पात्रता तीन ठिकाणी पाहिली जाते. विमान भारतात नोंदलेले, व्हीटी चिन्हाचे आणि भाडे न घेता खासगी वापरात असलेले हवे. बॅटरी काढून पुन्हा बसवल्यावर सेवेत परत देण्याच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे सीआरएसवर, सही करणारा अभियंता त्या विमानासाठी अधिकृत हवा. पिस्टन इंजिनाच्या विमानाला बी१.२ आणि टर्बाइन विमानाला बी१.१ हा परवाना प्रवर्ग लागू होतो. तिसरी गोष्ट वर्कशॉपची. बॅटरीची क्षमता-चाचणी व दुरुस्ती ज्या कार-१४५ संस्थेत करायची, तिच्या मंजुरीत विद्युत शक्तीच्या सुट्या भागांचे सी५ हे मानांकन आहे का आणि तिच्या क्षमता-यादीत आपल्या बॅटरीचा पार्ट नंबर आहे का, हे बॅटरी पाठवण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून देणारा कारागीर हुशार असला तरी त्याच्या पावतीला येथे काहीही किंमत नाही.

आता बॅटरीकडे वळू, कारण कागद कशाचा ठेवायचा हे तिच्या जातीवर ठरते. बहुतेक छोट्या विमानांत १२ किंवा २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती पाणी घालायची असेल किंवा सीलबंद. मोठ्या टर्बाइन विमानांत निकेल-कॅडमियम बॅटरीही आढळते. तिचा प्रत्येक सेल सुमारे १.२ व्होल्टचा असल्याने २४ व्होल्टसाठी १९ किंवा २० सेल लागतात. पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटरीत हायड्रोमीटरने ॲसिडची घनता मोजून चार्जचा अंदाज येतो, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती साधारण १.२७५ ते १.३०० असते. निकेल-कॅडमियममध्ये हा उपाय चालत नाही, कारण तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडची घनता चार्जप्रमाणे बदलत नाही. या दोन जातींची हत्यारे, भांडी आणि खोली वेगवेगळी ठेवावी लागते. ॲसिडचा अंश निकेल-कॅडमियममध्ये गेला की ती बिघडते.

सर्वांत महत्त्वाची आहे क्षमता-चाचणी. व्होल्टेज बरोबर दाखवणारी बॅटरी चांगली असेलच असे नाही. बॅटरीवर एका तासाच्या दराने १० अँपिअर-अवर लिहिले असेल, तर पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यातून १० अँपिअर प्रवाह सोडायचा आणि २४ व्होल्टची बॅटरी २० व्होल्टपर्यंत उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. ५१ मिनिटे टिकली तर क्षमता ८५ टक्के झाली, ४८ मिनिटे टिकली तर ८० टक्के. उत्पादकाच्या देखभाल पुस्तिकेत यांपैकी जी किमान मर्यादा दिली असेल, तिच्याखाली गेलेली बॅटरी विमानात ठेवता येत नाही. ही मर्यादा उगीच घातलेली नाही : छोट्या विमानांच्या रचना-निकषांत जनरेटर पूर्ण बंद पडल्यावर आवश्यक उपकरणांना बॅटरीने किमान ३० मिनिटे वीज द्यावी, अशी अट आहे. कोयनेच्या पावसात ढगांखाली सापडलेल्या वैमानिकाचा रेडिओ त्या अर्ध्या तासात चालू राहतो की नाही, ते या मिनिटांवर ठरते.

आपल्याकडे दोन काळ विशेष जपायचे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली उभ्या विमानाची बॅटरी लवकर उतरते, कारण उष्णता वाढली की आपोआप होणारा ऱ्हासही वाढतो. पावसाळ्यात विमान आठवडेच्या आठवडे उडत नाही आणि मास्टर स्विच बंद असूनही घड्याळासारखी उपकरणे थोडी थोडी वीज घेत राहतात. गेल्या वर्षी श्रावणात मी एका ओळखीच्या मालकासोबत झाकण उघडले, तेव्हा धन टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी बोटभर जमली होती आणि खालच्या ट्रेचा रंग सुटून पत्रा उघडा पडला होता. अशा वेळी बॅटरी उतरवताना ऋण तार आधी सोडावी व बसवताना शेवटी जोडावी, ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, आणि पत्रा झिजल्याची नोंद दोष म्हणूनच लॉगबुकात करावी. केवळ ‘साफ केले’ असे लिहून ती मिटवू नये.

त्या मालकाची फाईलही परत आली होती. बॅटरी उत्तम होती, पण लॉगबुकात ‘नवीन बॅटरी बसवली’ एवढेच लिहिले होते. सिरियल नंबर नव्हता, त्यामुळे सोबतचे प्रमाणपत्र याच बॅटरीचे, हे सिद्ध करता येईना.

म्हणून प्रत्येक बॅटरीचे, तिच्या सिरियल नंबराचे, स्वतंत्र कार्ड ठेवावे. त्यात पार्ट नंबर, सिरियल नंबर, सेवेत आणल्याची तारीख, बसवल्याची व काढल्याची तारीख, त्या वेळचे विमानाचे तास, प्रत्येक क्षमता-चाचणीचे आकडे, पुढील चाचणीची तारीख आणि कोणत्या पुस्तिकेच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे काम झाले, हे लिहावे. नवीन किंवा वर्कशॉपमधून आलेल्या बॅटरीसोबत सीए फॉर्म १, म्हणजे भाग वापरण्यास योग्य असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र, किंवा स्वीकृत परदेशी समतुल्य प्रमाणपत्र हवे, आणि ते मूळ स्वरूपात जपावे. बॅटरीची जात किंवा वजन बदलले असेल, तर मंजूर बदलाचा कागद आणि सुधारित वजन-संतुलन पत्रक जोडावे लागते. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बसवायची झाल्यास मंजुरी आधी घ्यावी, नंतर नव्हे.

प्रक्रिया पुढीलप्रमाणे चालते. मुदत संपण्याच्या बरेच आधी उड्डाणयोग्यता व्यवस्थापन संस्थेशी, म्हणजे कॅमोशी, लेखी करार असावा आणि तिच्या मंजुरीत पुनरावलोकनाचा अधिकार आहे का ते पाहावे. कॅमो कागद तपासते व विमान प्रत्यक्ष पाहते. बॅटरीवरील पाटी आणि कार्ड एकमेकांशी जुळवले जाते ते याच वेळी. डीजीसीएकडील अर्ज ई-जीसीए या ऑनलाइन प्रणालीतून होतो. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, मागील एआरसी, विमान, इंजिन व प्रोपेलरची लॉगबुके, लागू उड्डाणयोग्यता आदेशांची स्थिती, मंजूर देखभाल कार्यक्रम, वजन-संतुलन पत्रक आणि बॅटरीचे कार्ड प्रमाणपत्रांसह स्कॅन करून ठेवल्यास धावपळ होत नाही. स्कॅनमध्ये सिरियल नंबर वाचता येतो ना, एवढे स्वतः पाहावे.

बॅटरी बाहेरगावी पाठवायची असल्यास शक्यतो रस्त्याने पाठवावी, कारण विमानाने नेताना पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी यूएन २७९४ क्रमांकाचा धोकादायक माल ठरते आणि तसे पॅकिंग व कागद लागतात. निकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती घरगुती कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवायची असते. त्याची पावती, सिरियल नंबर लिहून, त्या बॅटरीच्या कार्डाला शेवटचा कागद म्हणून जोडावी.