आलीस तर मागे बस!

15 ऑक्टोबर जवळ आला की शाळांच्या पालक-ग्रुपवर निरोप यायला लागतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस 2015 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, तेव्हा ‘पालकांनी आवर्जून उपस्थित राहावे’ हे ओघानं आलंच. तिसरी-चौथीचे आईबाप हौसेनं येतात, फोटो काढतात. आठवी-नववीचे मात्र मोजकेच दिसतात. आणि आलेल्यांपैकी कित्येकांना घरातून निघतानाच तंबी मिळालेली असते, “आलीस तर मागे बस. आणि मला हाक मारू नकोस.”

आईला हे लागतं. कालपरवापर्यंत गोष्ट ऐकल्याशिवाय न झोपणारं पोर आज ओळख दाखवायला तयार नाही! पण यात शिंगं फुटण्याचा भाग कमी आणि मेंदूच्या वाढीचा जास्त आहे.

2013 साली लिया सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध झाला. 8 ते 22 वयाच्या मुलामुलींना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, आत कॅमेरा आहे, तुझ्याच वयाचं कुणीतरी तुला आता बघतंय. प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं. करायचंही काही नव्हतं, नुसतं पडून राहायचं. तरी किशोरवयीन मुलांना लहानांपेक्षा अधिक अवघडल्यासारखं झालं. त्वचेला सुटणारा बारीक घाम मोजला, तर तोही याच वयात सर्वाधिक. कपाळामागे, मेंदूच्या मध्यभागी असलेला आणि ‘लोक मला काय समजतात’ याचा हिशेब ठेवणारा भागही जोरात कामाला लागलेला दिसला. एका खोट्या कॅमेऱ्यानं ही अवस्था, तर अख्खा वर्ग बसलेल्या सभागृहात आईनं “बाळा, डबा खाल्लास का?” विचारल्यावर काय होत असेल!

दुसरा अभ्यास 2022चा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. डॅनियल एब्रॅम्स आणि सहकाऱ्यांनी 7 ते 16 वयाच्या मुलांना त्यांच्या आईचा आणि अनोळखी बायकांचा आवाज ऐकवला. शब्द मुद्दाम निरर्थक ठेवले होते, म्हणजे अर्थानं गोंधळ व्हायला नको. एकेक आवाज सेकंदभरसुद्धा नाही. बारा वर्षांखालच्या मुलांमध्ये मेंदूतले आनंदाची आणि महत्त्वाची दखल घेणारे भाग आईच्या आवाजानं अधिक उजळले. तेराच्या आसपास पारडं फिरलं. आईचा आवाज मुलं ओळखत होतीच, पण अनोळखी आवाज त्यांना जास्त ओढ लावत होता. आवाजांना प्रतिसाद देणारे भाग तर वयाबरोबर एकंदरीतच तल्लख झालेले दिसले. म्हणजे कान बंद होत नाहीत, ते बाहेरच्या जगाकडे वळतात. पुढे त्यांना त्याच जगात माणसं जोडायची आहेत, तेव्हा हे वळणं वेळेवरच म्हणायचं.

एमआरआयमधल्या निरर्थक शब्दांवरून सभागृहातल्या कार्यक्रमाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. तरी मला यातून एक साधी युक्ती सुचते: मुलांची अदलाबदल करा. आपल्या लेकीला आपण वाचून दाखवू नये. तिच्या मैत्रिणीच्या आईनं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी, बसच्या कंडक्टरनं वाचावं आणि आपण दुसऱ्याच्या पोरांसमोर उभं राहावं. आपलं पोर त्या वेळी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेलं असेल. बसू दे. शेजारच्या मुलानं कोपर मारून “तुझे बाबा भारी वाचतात रे” म्हटलं की ती मान वर येते. आईबापांच्या दहा भाषणांनी होत नाही ते काम मित्राच्या एका वाक्यानं होतं.

मग पालकांनी घरीच राहिलं तर? तसं नको. गोष्ट एकत्र ऐकण्याचं मोल वेगळंच आहे. 2010 साली प्रिन्स्टन विद्यापीठात ग्रेग स्टीफन्स, लॉरेन सिल्बर्ट आणि युरी हॅसन यांनी एका मुलीला एमआरआयमध्ये स्वतःची खरी गोष्ट सांगायला लावलं आणि ते ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतल्या हालचाली सांगणारीच्या हालचालींशी जुळत गेल्या, बहुतेक ठिकाणी जरा मागून. काही भागांत तर ऐकणारे सांगणारीच्या पुढे धावत होते, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज बांधत होते. ज्याची अशी जुळणी पक्की, त्याला गोष्टही जास्त कळलेली. त्यांना न समजणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट लावली तेव्हा ही जुळणी टिकली नाही.

आता मागच्या रांगेतली आई आणि तिसऱ्या रांगेतला मुलगा एकच गोष्ट ऐकतायत. बोलणं नाही, डोळ्याला डोळा नाही, पण दोघांचं लक्ष त्याच वाक्यावर आहे. रात्री ताटावर बसल्यावर “आज काय शिकलास?” या प्रश्नाला “काही नाही” हेच उत्तर येणार. त्याऐवजी “त्या म्हाताऱ्यानं बैल विकायला नको होता” एवढंच म्हणून बघा. वाद सुरू होतो की नाही ते कळेलच. अट एकच, कार्यक्रमात आपणही ऐकलेलं असलं पाहिजे, मोबाईलवर भाजीचा हिशेब केलेला नसला पाहिजे.

एब्रॅम्स यांच्या अभ्यासात आवाज आयांचे होते, बाबांचे नव्हते. पण त्यावरून बाबांना रजा मिळत नाही. उलट बहुतेक ठिकाणी अडचण तीच असते: कार्यक्रम कामाच्या दिवशी सकाळी अकराला, प्रमुख पाहुणे बाराला, त्यानंतर सत्कार, नारळ, प्रास्ताविक. रोजंदारीवरचा बाप यासाठी खाडा कसा करणार? शाळेनं हाच कार्यक्रम संध्याकाळी ठेवला, सत्कार वगळले आणि दोन-तीन पालकांना दहा-दहा मिनिटं वाचायला दिली, तर खर्च एक रुपयाही वाढत नाही. उतारा निवडण्याचं काम मात्र मुलांकडेच द्यावं. त्यांनी भुताची गोष्ट निवडली तर मुख्याध्यापकांनी नाक मुरडू नये.