कमिशन्ड कोअर (अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवा) : नेतृत्व आणि अधिकाऱ्यांची घडण

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील गणवेशधारी अधिकाऱ्यांचे दल. देशाच्या आठ गणवेशधारी सेवांमध्ये त्याची गणना होते, पण हे दल बिनशस्त्र आहे. सुमारे ६,००० अधिकाऱ्यांत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषधनिर्माते, पशुवैद्य, अभियंते, आहारतज्ज्ञ, शास्त्रज्ञ असे अकरा व्यवसायगट आहेत. हुद्दे मात्र नौदलाचे : एन्साइन, लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन. दलाचा प्रमुख सर्जन जनरल हा व्हाइस अ‍ॅडमिरल असतो.

डॉक्टरांना आरमारी हुद्दे कसे आले, याचे उत्तर बंदरांत सापडते. १७९८ च्या कायद्याने व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या पगारातून महिन्याला २० सेंट कापून त्यांच्यासाठी दवाखाने सुरू झाले. या दवाखान्यांचा पुढे पार विचका झाला. १८७१ मध्ये जॉन वुडवर्थ या यादवी युद्धात काम केलेल्या शल्यचिकित्सकाकडे त्यांची सूत्रे आली. त्याने वशिल्याच्या नेमणुका थांबवून परीक्षा, गणवेश आणि सांगितले तिथे बदलीवर जाण्याची अट घातली. या रचनेला १८८९ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. १९४४ च्या कायद्याने परिचारिका आणि इतर व्यावसायिकांनाही दलाची दारे उघडली.

या दलातील नेतृत्वाचा प्रश्न सैन्यातल्यापेक्षा निराळा आहे. अधिकारी एका छावणीत राहत नाहीत. कुणी मूलनिवासी जमातींच्या आरोग्य सेवेत असतो (तिच्या नावातील ‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे), कुणी केंद्रीय तुरुंगात, कुणी रोगनियंत्रण केंद्रात, कुणी औषध प्रशासनात, तर कुणी तटरक्षक दलात. रोजचे काम बहुधा साध्या कपड्यांतल्या मुलकी वरिष्ठाच्या हाताखाली चालते. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या असल्या तरी कार्यालयात त्याचा शब्द चालेलच असे नाही. त्यामुळे हुकूम सोडण्यापेक्षा चार जणांना राजी करून काम पुढे नेणे इथे अधिक लागते, आणि अधिकाऱ्यांची घडणही त्याच बेताने होते.

विद्यार्थिदशेतच उमेदवारी करता येते. दलात दाखल झाल्यावर अधिकाऱ्यांसाठीचा छोटा प्राथमिक अभ्यासक्रम असतो : सलाम, गणवेश, शिष्टाचार, आपत्तीतील कामाची ओळख. पुढची घडण बरीचशी सहकाऱ्यांच्या हातात असते. प्रत्येक व्यवसायगटाची सल्लागार समिती आहे, नवख्या अधिकाऱ्यांचा वेगळा सल्लागार गट आहे आणि ज्येष्ठाने कनिष्ठाला हाताशी धरण्याची पद्धतही आहे. बढतीच्या मंडळापुढे वार्षिक कामगिरी अहवाल, शिक्षण, बदल्या व पदांची चढण, दलासाठी केलेले काम आणि आपत्तीत जाण्याची तयारी हे सारे येते. शारीरिक क्षमतेची चाचणी वेगळीच. समित्यांवरचे काम बढतीला मोजायचे म्हटल्यावर काही कामे निव्वळ बायोडेटात ओळ भरावी म्हणून होणार, हे ओघाने आलेच.

गणवेश आणि रोगराई म्हटले की मराठी वाचकाला १८९७ चे पुणे आठवते : घरांत शिरणारे गोरे सोजीर आणि रँडची हत्या. प्लेगची तीच साथ १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. सेवेचा अधिकारी जोसेफ किनयन याने चायनाटाउनमधील मृत माणसाच्या गाठीतला नमुना गिनीपिग, उंदीर आणि माकड यांना टोचला. प्राणी मेले, निदान पक्के झाले. तरी वृत्तपत्रांनी त्याची टर उडवली आणि कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर हेन्री गेज याने प्लेग नाहीच असे ठासून सांगितले. किनयन शास्त्रात बरोबर होता, पण चिनी वस्तीवर सक्ती लादून तिचा विश्वास त्याने गमावला होता. १९०१ मध्ये त्याची उचलबांगडी डेट्रॉइटला झाली. त्याच्यामागून आलेल्या रूपर्ट ब्लू याने कचेरी वस्तीलगतच थाटली, चिनी दुभाषा सोबत घेतला आणि माणसांपेक्षा उंदरांच्या मागे लागला. पुढे १९१२ मध्ये ब्लू सर्जन जनरल झाला.

याच सेवेच्या अधिकाऱ्यांनी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून ४० वर्षे सुमारे ४०० कृष्णवर्णीय उपदंशरुग्णांना उपचाराविना ‘निरीक्षणाखाली’ ठेवले. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिले नाही. याविरुद्ध १९६६ पासून वरिष्ठांना लिहीत राहिलेला आणि अखेर पत्रकारांपर्यंत गेलेला पीटर बक्स्टन हा सेवेतला साधा मुलकी कर्मचारी होता. खांद्यावर पट्ट्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या एवढ्या मोठ्या रांगेतून कुणी हे काम थांबवले नाही, ही या दलाच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

१९८० च्या दशकात दाढीवाले सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप स्वतः गणवेशात वावरू लागले आणि अधिकाऱ्यांनाही त्यांनी तो घालायला लावला. १९८८ मध्ये त्यांच्या काळात एड्सविषयीचे पत्रक देशभर घरोघर टपालाने गेले, सुमारे १०.७ कोटी प्रती.

२०१४ च्या नोव्हेंबरात लायबेरियात मनरोव्हियाजवळ २५ खाटांचे तंबूतले रुग्णालय सुरू झाले. इबोला झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या या रुग्णालयात दलाच्या तुकड्या पाळीपाळीने गेल्या. निघण्यापूर्वी अलाबामातील अ‍ॅनिस्टन येथे त्यांचा सराव झाला. त्यात संरक्षक पोशाख चढवणे आणि, त्याहून अवघड म्हणजे, अंगाला काही न लागू देता तो उतरवणे पुन्हापुन्हा घोटून घेतले जाई. तो पोशाख चढवला की खांद्यावरच्या पट्ट्या दिसत नसत.