अस्तरातली चिप

लुई व्हितॉंची जुनी बॅग हाताळलेल्या माणसाची बोटं सवयीने आतल्या खिशाच्या शिवणीकडे जातात. तिथे चामड्याच्या पट्टीवर किंवा थेट अस्तरावर दोन अक्षरं आणि चार आकडे छापलेले असत. अक्षरांवरून कारखाना कळायचा. आकड्यांपैकी पहिला आणि तिसरा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून साल, अशी २००७ पासूनची रचना. वापरलेल्या बॅगांचा व्यापार करणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ होतं. मार्च २०२१ पासून कंपनीने ते बंद करून बॅगेत चिप बसवायला सुरुवात केली. त्याच वर्षी शनेलनेही ऐंशीच्या दशकापासून चालत आलेलं क्रमांकाचं स्टिकर आणि सोबतचं कार्ड बाजूला ठेवलं आणि चिप असलेली धातूची छोटी पट्टी आणली.

नकलेला कंटाळून नवी खूण शोधायची ही धडपड मात्र फार जुनी आहे. व्हितॉंच्या ट्रंकांच्या कापडावरची पट्ट्यापट्ट्यांची नक्षी नकलाकारांनी उचलली म्हणून १८८८ मध्ये चौकटीचं कापड आलं, त्यावर नोंदणीकृत चिन्ह असल्याचं छापलेलं. त्याचीही नक्कल होऊ लागली. मग १८९६ मध्ये जॉर्ज व्हितॉंने वडिलांच्या नावाची आद्याक्षरं फुलांमध्ये गुंफून मोनोग्राम काढला. नक्कल थांबावी म्हणून काढलेली हीच नक्षी आज जगातल्या कुठल्याही फुटपाथवर मिळते.

चिपचं मूळ फॅशनपासून फार दूर आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लटकत राहिली, आणि आतलं ऐकण्याचं यंत्र सापडायला १९५२ उजाडलं. लिऑन थेरेमिन या रशियन संशोधकाने बनवलेल्या त्या यंत्राला ना बॅटरी होती, ना तार. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. बॅगेतली चिपही तशीच निजलेली असते. वाचणाऱ्या यंत्राच्या लहरींतून मिळेल तेवढ्याच विजेवर ती आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला, फक्त तो काही मीटरवरून वाचता येतो. हातपिशव्यांमध्ये बहुतेकदा मेट्रो कार्डाच्या जातीची, १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी चिप असते, आणि तिला यंत्र अगदी जवळ न्यावं लागतं.

दुकानांना या तंत्राचं वेड लागलं ते मालाच्या हिशेबापायी. केविन ॲशटन हा प्रॉक्टर अँड गॅम्बलचा माणूस. एका रंगाची लिपस्टिक दुकानात सारखी संपलेली का दिसते, या प्रश्नाने त्याला पछाडलं आणि त्यातून १९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर उभं राहिलं. प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक द्यायचा, ही तिथली कल्पना. बनावट माल त्या वेळी कुणाच्या फारसा डोक्यात नव्हता.

महागड्या फॅशनमधला पहिला गाजलेला प्रयोग प्राडाचा. डिसेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात रेम कूल्हासने रचलेलं तिचं दुकान उघडलं. कपड्यांना रेडिओ टॅग होते. ट्रायल रूममध्ये कपडा टांगला की पडद्यावर त्याचे इतर रंग आणि मापं दिसायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात कपडे बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला पडद्याशी खेळण्यात रस नव्हता आणि यंत्रणाही रुसायची. काही वर्षांत ती जवळजवळ शोभेपुरती उरली.

मार्च २००३ मध्ये फिलिप्सने जाहीर केलं की बेनेटनच्या सिस्ली कपड्यांत तिच्या चिपा बसणार, दीड कोटींच्या आसपास. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या खासगीपणासाठी लढणाऱ्यांनी लगेच बहिष्काराची हाक दिली. असले कपडे घालण्यापेक्षा उघडं फिरू, इथपर्यंत त्यांची घोषणा गेली. काही आठवड्यांतच बेनेटनने सारवासारव केली की असा निर्णय झालेलाच नाही. त्यानंतर अंगावरच्या कपड्यात कायमची चिप हा विषय काढायलाच कंपन्या कचरू लागल्या. विक्रीच्या वेळी काढून घेता येणारे टॅग मात्र मुकाट्याने पसरत गेले.

कायमची चिप परत आली ती बनावट मालाचं कारण घेऊन. ओईसीडी ही विकसित देशांची आर्थिक संघटना आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये जागतिक व्यापारातला ३.३ टक्के माल बनावट होता, म्हणजे ५०९ अब्ज डॉलरचा. फेरागामोने २०१४ मध्ये स्त्रियांच्या बुटांत चिपा घालायला सुरुवात केली, मोंक्लेअरने २०१६ पासून आपल्या जॅकेटांत. या वेळी कुणी उघडं फिरण्याची भाषा केली नाही. हजारो युरो मोजणाऱ्याला आपली वस्तू खरी ठरावी असं वाटत असतं, आणि एव्हाना प्रत्येकाच्या खिशात त्याहून जास्त माहिती देणारा फोन आलाच होता. २०१७ मध्ये आयफोनलाही अशा चिपा वाचता येऊ लागल्या, तेव्हा दुकानाबाहेरही त्या वाचणं शक्य झालं.

पण साध्या चिपचा क्रमांक दुसऱ्या चिपमध्ये उतरवता येतो. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक वाचनाला नवं सांकेतिक उत्तर देणाऱ्या चिपा निघाल्या. एनएक्सपी या चिप बनवणाऱ्या कंपनीची एनटॅग ४२४ डीएनए ही त्यातली ओळखीची. तरीही एक भोक उरतंच. जुन्या खऱ्या बॅगेतली चिप काढून खोट्या बॅगेत शिवली, तर ती इमानदारीने खरंच सांगेल. तिला आजूबाजूचं चामडं दिसत नाही.

माझ्या मते या कथेतला खरा पेच वेगळा आहे: चिप वाचायची कुणी? छापलेला कोड जुन्या बाजारातला दुकानदारही वाचू शकत होता. व्हितॉं किंवा शनेलच्या चिपमधून फोनला फार तर एक आकडा मिळेल. तो कुठल्या बॅगेचा, हे कंपनीच्या नोंदवहीत. एप्रिल २०२१ मध्ये एलव्हीएमएच (व्हितॉंची मालक कंपनी), प्राडा आणि कार्टिए यांनी मिळून ऑरा नावाची सामायिक ब्लॉकचेन, म्हणजे मागाहून बदलता न येणारी डिजिटल नोंदवही, सुरू केली. तिच्याही चाव्या ब्रँडांच्याच हाती. योगायोग म्हणा हवं तर, पण त्याच सुमारास शनेल जुना माल विकणाऱ्यांशी न्यायालयात भांडत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या अशाच एका खटल्यात ज्युरीने तिला ४० लाख डॉलरची भरपाई दिली. स्टिकरवरचे क्रमांक खरे की रद्द झालेले, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता.

युरोपीय संघाचा १८ जुलै २०२४ पासून लागू झालेला इकोडिझाइन कायदा कंपन्यांच्या या नोंदवहीचं एक पान उघडायला लावणार आहे. त्यातला डिजिटल उत्पादन पासपोर्ट, म्हणजे वस्तूच्या माहितीची डिजिटल नोंद, कापडालाही लागू होईल, आणि ठरावीक माहिती गिऱ्हाइकाला आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही दिसावी लागेल.

प्राडाचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते जून २०२५ मध्ये, मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि श्रेयावरून वाद पेटला तेव्हा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. त्या वादानंतर लगेचच लिडकॉम या राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाकडून क्यूआर कोड असलेल्या चपलांची बातमी आली. कोड स्कॅन केला की कारागीर कोण, गाव कुठलं, कातडं आणि पद्धत कोणती, ते दिसतं. क्यूआर कोडची झेरॉक्स काढायला दोन रुपये पुरतात. पण तो कुणाच्याही फोनवर उघडतो आणि त्यात चप्पल शिवणाऱ्याचं नाव असतं. व्हितॉंच्या जुन्या कोडातही कारखान्याच्या पुढे, शिवणाऱ्यापर्यंत, कधी जाता आलं नव्हतं.