मणक्याच्या इजेनंतर 'भरपूर खा' हा सल्ला आला कुठून

मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेल्या माणसाला भेटायला येणारा जो तो सांगतो, भरपूर खा, अंगात ताकद येईल. हा सल्ला तसा खोटा नाही, फक्त तो ज्या काळातला आहे तो काळ वेगळा होता.

पहिल्या महायुद्धात असे जखमी सैनिक बहुतेक काही आठवड्यांतच जायचे, आणि तेही मज्जारज्जू तुटला म्हणून नाही, तर बेडसोर (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या इन्फेक्शनमुळे. बेडसोर वाहत राहिला की त्यातून प्रोटीन जातं, ताप असतोच, भूक मेलेली, माणूस डोळ्यांदेखत वाळायचा. त्यात 1930 च्या सुमाराला ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसनने हाड मोडलेल्या पेशंटच्या लघवीतला नायट्रोजन (शरीरातलं प्रोटीन मोडलं की तो लघवीतून जातो) मोजून दाखवलं की मोठ्या दुखापतीनंतर शरीर स्वतःचेच स्नायू खातं. मग काय, खायला घाला, प्रोटीन घाला! 1944 ला लुडविग गुटमनने इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या पेशंटसाठी युनिट काढलं, तिथे दर 2 तासांनी कूस बदलायची शिस्त लागली आणि लोक जगायला लागले.

जगले, आणि वजन वाढायला लागलं. लुळ्या पडलेल्या स्नायूंना कॅलरीज लागतातच किती? 1985 च्या एका अभ्यासात रिहॅबमधल्या (पुनर्वसन केंद्रातल्या) पेशंटचा दिवसाचा कॅलरींचा खर्च वजनाच्या किलोमागे हातपाय दोन्ही लुळे पडलेल्यांत 22.7 आणि फक्त पाय लुळे पडलेल्यांत 27.9 कॅलरी निघाला, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 1,360 आणि 1,670. बस्स एवढंच. आणि सुरुवातीच्या आठवड्यांत जो नायट्रोजन जातो तो कितीही खायला घातलं तरी पूर्ण थांबत नाही, कारण नसांचा सिग्नलच बंद झाल्यावर स्नायू बारीक होणारच, जास्तीचं जेवण मग चरबी होऊन बसतं (हे घरच्यांना समजावणं महाकठीण).

फायबरचंही तसंच झालं. बद्धकोष्ठ म्हणून सगळ्यांना कोंडा वाढवायला सांगायचे, 1996 मध्ये कोंडा वाढवून मोजून बघितलं तर या पेशंटच्या आतड्यातून मळ पुढे सरकायला उलट जास्तच वेळ लागत होता.

बेडसोर असेल तर मात्र प्रोटीन आजही वाढवतातच, तो जुना भाग टिकलाय. बाकी गंमत म्हणजे 2008 मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मानेत इजा केलेल्या उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवलं तर त्यांचे पुढचे पाय जास्त चांगले सुधारले, पण ते उंदीर होते हो, त्यावरून घरच्या पेशंटचं जेवण कोणी बंद करू नका.