डीक (हुलकावणी) जमतं ते अंगठ्याच्या वेगाने नाही, मधल्या थांब्याने

डिसेंबरात टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला बहिणीकडे होतो, बाहेर बर्फ, आणि घरात भाचा नि त्याचा आइस हॉकीचा व्हिडिओ गेम, ईए स्पोर्ट्सची ती एनएचएल मालिका (एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, तिकडची मोठी आइस हॉकी स्पर्धा). पहिल्या संध्याकाळी मी उजव्या अंगठ्याने जमेल तितक्या वेगात पक (चकती) डावीकडे-उजवीकडे हलवत गोलीसमोर, म्हणजे गोलरक्षकासमोर, जायचो आणि गोली जागचा न हलता पक अडवायचा. भाचा म्हणाला, "मामा, तू खूप फास्ट करतोयस. गोलीला बघू तरी दे!" हे वाक्य मला इतकं आवडलं की परत आल्यावर त्यामागचं विज्ञान वाचत बसलो, आणि पोरगं शंभर टक्के बरोबर निघालं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची, म्हणून थोडं सांगतो. आइस हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात, साधारण ७.६ सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर जाड आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाची, उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. समोरच्याला एका बाजूला पाठवायचं आणि आपण दुसऱ्या बाजूने जायचं, या हुलकावणीला तिकडे डीक म्हणतात (डिकॉय या शब्दाचं छोटं रूप). आपला 'इंडियन ड्रिबल' याच जातीचा, फरक इतकाच की मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरायची असल्यामुळे मनगटाने स्टिक दर वेळी उलटावी लागते, बर्फावर पात्याच्या दोन्ही बाजू चालतात.

आता गेमकडे. २००६ साली आलेल्या एनएचएल ०७ मधे 'स्किल स्टिक' आली, म्हणजे कंट्रोलरवरची डावी थंबस्टिक (अंगठ्याने हलवायची छोटी दांडी) खेळाडूचं स्केटिंग आणि उजवी थंबस्टिक म्हणजे त्याच्या हातातली हॉकी स्टिकच. उजवी थंबस्टिक आडवी हलवली की पक आडवा हलतो, मागे ओढून पुढे ढकलली की जोरदार स्लॅप शॉट, नुसती पुढे ढकलली तर मनगटाचा शॉट. बटणांची जोडणी पाठ करायची गरज नाही, हालचाल तीच, फक्त अंगठ्याएवढी.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. थंबस्टिकच्या खाली सहसा एकमेकांना काटकोनात दोन पोटेन्शिओमीटर असतात, शाळेत रिओस्टॅट बघितला असेल त्याचीच छोटी भावंडं, पट्टीवर सरकणारा स्पर्श जिथे असेल तसा व्होल्टेज बदलतो आणि त्याचा आकडा बनतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्राच्या कंट्रोलरमधे प्रत्येक अक्षाचा आकडा उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७. अंगठा काढल्यावर स्टिक सहसा बरोब्बर शून्यावर येत नाही, म्हणून मधला काही भाग प्रोग्रामर मुद्दाम दुर्लक्षित करतात, त्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रामरांसाठी उजव्या स्टिकला सुचवलेला डेड झोन ८६८९ आहे, म्हणजे मधून कडेपर्यंतच्या वाटेचा पाव भागाहून जास्त! प्रत्येक गेम आपापला आकडा ठरवू शकतो, पण घाईत अंगठा मधल्या मधे थरथरवला तर बरीचशी हालचाल यातच मरते. म्हणून कडेपर्यंत पूर्ण न्यायचा, मग दुसऱ्या कडेला.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९३१ मधे टेलफर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की माणसाला पाठोपाठ दोन इशारे दिले तर दुसऱ्याला प्रतिसाद द्यायला नेहमीपेक्षा उशीर होतो. पुढे १९५२ मधे वेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने त्याचं कारण असं मांडलं की बघणं आणि हलणं ही कामं मेंदू इतर कामांसोबत करू शकतो पण 'काय करायचं' हे ठरवणारी खिडकी एकच असते, एसटी स्टँडवर तिकिटाची एकच खिडकी असावी तशी, पहिल्याचं तिकीट फाटेपर्यंत दुसऱ्याने रांगेत उभं राहायचं.

सोयीचे आकडे धरून बघू. समजा गोलीला दिसायला ५० मिलिसेकंद, ठरवायला १५०, स्नायूंना हुकूम पोचायला ५०, एकूण २५०. तुम्ही शून्याला पक डावीकडे नेला. ५० ते २०० खिडकी डावीकडच्या हुलीत अडकली. तुम्ही १०० ला पक उजवीकडे ओढला, तो १५० ला दिसला पण खिडकी २०० ला रिकामी होणार, मग ३५० पर्यंत ठरवणं, आणि उजवीकडे हालचाल सुरू ४०० ला. म्हणजे दुसऱ्या हालचालीला २५० च्या जागी ३०० लागले, शिवाय २५० ते ४०० या काळात तो चुकीच्या दिशेला ढकलला गेलेला आहे आणि बर्फावर तो वेग स्केटची कड रोवूनच मारावा लागतो. ताशी १०० किलोमीटरने मारलेला पक पाच मीटर जायला ०.१८ सेकंद घेतो, करा हिशोब!

आणि तुम्ही १०० च्या जागी २० ला पक परत फिरवलात तर? इतक्या कमी अंतराने आलेले दोन इशारे मेंदू सहसा एकत्रच धरतो, पहिल्यासाठी खिडकी वेगळी उघडतच नाही, गोली जागेवर राहतो. मी पहिल्या संध्याकाळी नेमकं हेच करत होतो.

१९९४ ची लिलहॅमर ऑलिंपिक फायनल, पेनल्टी शूटआउट, स्वीडनचा पीटर फोर्सबर्ग डावीकडे गेला, कॅनडाचा गोली कोरी हर्श त्याच्या मागे सरकला, आणि मग फोर्सबर्गने एका हाताने पक उजवीकडून आत ढकलला. स्वीडनने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी त्या गोलचं पोस्टाचं तिकीट काढलं. व्हिडिओ हळू करून बघा, हर्श पूर्ण सरकेपर्यंत फोर्सबर्ग थांबलाय.

आपल्याकडे अजून सांगतात ना, ध्यानचंदांच्या स्टिकमधे चुंबक आहे का बघायला ती तोडली म्हणे. चामड्याच्या चेंडूला चुंबक ओढेल कसा? असल्या गोष्टींनी आपण माणसाचं कसब चमत्कारात ढकलतो आणि ते शिकता येतं हेच विसरतो. तसंच ते महागडे 'प्रो' अंगठा-कव्हर आणि रिफ्लेक्स वाढवणारी पेयं, त्यांच्या जाहिरातीला भुलू नका. त्यापेक्षा टीव्हीच्या सेटिंगमधे गेम मोड चालू करा, चित्र सजवण्यात टीव्ही जो वेळ घालवतो तो वाचतो आणि पैसे शून्य.

पण कॉम्प्युटरच्या गोलीला कुठे मेंदू आहे, तो कसा फसतो? गेम सेकंदाला ६० चित्रं काढत असेल तर दर १६.७ मिलिसेकंदाला पक कुठे आहे हे प्रोग्रामला अचूक माहीत असतं, त्याने ठरवलं तर एकही गोल होणार नाही. म्हणून असा गेम बनवणाऱ्याला गोलीमधे मुद्दाम उशीर घालावा लागतो, आणि सरकायला लागल्यावर लगेच उलटं फिरता येऊ नये असं जडत्वही. माणसाची मर्यादा आकड्यांत उतरवून यंत्राला द्यायची, मला तर ही कल्पनाच फार सुंदर वाटते.

करून बघायचं असेल तर सरावाच्या फ्री स्केट मोडमधे जा, पक एका कडेला पूर्ण न्या, गोलीचा खांदा हलेपर्यंत थांबा (हा वेळ मोजता येत नाही पण हाताला कळायला लागतो) आणि मग दुसऱ्या कडेला ओढून मारा. मला चौथ्या दिवशी पहिला गोल जमला.